झोपाळू कॉम्प्युटर आणि मास्तर

मास्तरांचा कॉम्प्युटर पुन्हा झोपला आणि मास्तरांनी टेबलावर अशी थाप मारली, की चष्म्याचं घर खाली पडलं.

"अहो, टेबलानं काय केलंय? आज संध्याकाळपर्यंत कथा पाठवायचीय ना?" मास्तरीणबाई आतून ओरडल्या.

मास्तरांची सारी नोकरी मुलांचे निबंध तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते कथा लिहायला बसले, पण लाल शाईची सवय काही सुटेना. एक वाक्य लिहायचं, दोन खोडायची. कीबोर्डवरचं बॅकस्पेस त्यांनी असंच वापरून वापरून मोडलं होतं. आता सगळी भिस्त डिलीटवर, आणि त्याला खेटूनच कॉम्प्युटर झोपवायचं बटण. खोडायला बोट गेलं, की स्क्रीन काळा! मासिकाची मुदत आज संपत होती आणि मास्तरांची एकही कथा अजून घराबाहेर पडली नव्हती.

शेवटी कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या भाचीला बोलावलं.

"मामा, तुमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स सिस्टिम आहे, तिच्यात हे सोपं असतं," म्हणत तिनं सिस्टिमच्या एका फाइलमध्ये एक ओळ टाकली. "आता हे बटण कितीही दाबा, कॉम्प्युटर दुर्लक्ष करणार."

"माणसांसाठी आहे का गं अशी ओळ?" मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे बघत विचारलं.

दोघी स्वयंपाकघरात चहाला बसल्या. बाहेरून टकटक ऐकू येऊ लागली. भाची खूश झाली. "मामा सुटलेत बघ!"

मास्तरीणबाईंनी कान दिला आणि कप तसाच ठेवून त्या धावल्या. एकच बटण वाजत होतं. नऊ पानांची कथा दीड पानावर आली होती.

"अहो! आई गेल्याचा प्रसंग कुठंय? तो वाचून मी रडले होते!"

"भावनेचा अतिरेक. पाच गुण कापले."

मास्तरीणबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कॉम्प्युटर झोपून उठेपर्यंत यांचा राग वाक्यावरून यंत्रावर जायचा आणि वाक्य बचावायचं. म्हणूनच तर कथा शेवटापर्यंत पोचली होती!

त्यांनी भाचीला बाजूला घेतलं. भाचीनं खोडलेलं सगळं परत आणलं, डिलीटचं बटणही बंद केलं आणि मास्तर "नापास होणार, नापास होणार" म्हणत असतानाच कथा पाठवून दिली.

निकालाच्या धास्तीनं मास्तरांनी कीबोर्डला हातही लावला नाही. काही आठवड्यांनी संपादकांचा मेल आला. मास्तर मोठ्यानं वाचू लागले. "कथा फार आवडली. आईचा प्रसंग विसरता येत नाही. फक्त पहिला परिच्छेद निबंधासारखा वाटतो, तेवढा काढून पाठवा."

मास्तरीणबाईंनी पदरानं डोळे पुसले. मास्तर तर आनंदानं खोडायलाच बसले. एकदा दाबलं, दोनदा दाबलं.

"अगं, हे डिलीट चालत नाहीये!"

मास्तरीणबाईंनी शांतपणे भाचीला फोन लावला.

"मामांचं खोडायचं बटण जरा सुरू करून दे गं. हो, एकाच परिच्छेदापुरतं. आणि ते झोपायचंही सुरू कर. लगेच लागणार आहे."