मुद्देमाल: फणस, नग एक

मुलुंड अजून मुंबईत धरलं जात नव्हतं, त्या काळातली गोष्ट. वैशाखातल्या एका सकाळी चाळीच्या वरच्या गॅलरीतून एक फणस तळमजल्यावरच्या विद्याधर कर्णिकांच्या डोक्यात पडला. फणस शाबूत राहिला. कर्णिकांबद्दल तसं म्हणता येत नव्हतं.

फणस सहदेव परबाचा. त्याच्या भावाने, धाकूने, वेंगुर्ल्याहून बोटीने पाठवलेला. चाळीत फणस आला की येणाऱ्याजाणाऱ्याने त्यावर थाप मारायची, कान लावायचा आणि पिकायला किती दिवस आहेत ते सांगायचं, अशी पद्धत होती. त्या दिवशी फणस कठड्यावर होता आणि अर्धी गॅलरी थापा मारत होती. कुणाच्या तरी थापेने तो पलीकडे गेला. पोलीस आले तेव्हा मात्र थापा मारणाऱ्यांपैकी निम्मे घरात नव्हते आणि उरलेल्यांना ताप होता.

"मी धरूक गेलंय, पण निसाटलो ओ तो!" सहदेव म्हणाला.

"म्हणजे हात लागला होता," हवालदार काशीराम म्हणाला आणि त्याने तेवढंच लिहून घेतलं. वरच्या लुगड्याचं पाणी खाली ठिबकतं म्हणून आदल्या आठवड्यात कर्णिक कुरकुरले होते. ते 'पूर्ववैमनस्य' झालं. फणसाचं वर्णन झालं, 'काटेरी, जड हत्यार'.

"अहो, फणस आहे तो!" सहदेवची बायको सुलक्षणा म्हणाली.

"बाई, खून होईपर्यंत सुरीसुद्धा भाजीचीच असते."

कर्णिक डोक्याला फडकं धरून म्हणाले, "हवालदारसाहेब, माझी काही तक्रार नाही हो."

"तुमची कुठाय? तक्रार सरकारची आहे. तुम्ही फक्त डोकं पुरवलंत."

आरोप लागला, घातक हत्याराने दुखापत केल्याचा. फणस पोत्यात घालून, लाख लावून, चौकीत जमा झाला. सहदेव जामिनावर घरी आला. दिवाळीला तो कारखान्यात कायम व्हायचा होता. शिक्षा झाली की नोकरी संपली.

सुलक्षणा शरच्चंद्र वकिलांकडे गेली. वकिलांनी चष्मा पुसला आणि बचावाचे प्रकार सांगितले. "आरोपी तिथे नव्हताच, हा पहिला. होता, पण त्याने मारलं नाही, हा दुसरा. मारलं, पण जीव वाचवायला मारलं, हा तिसरा. आणि मारलं तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं, हा चौथा. चौथा मला फार आवडतो."

"वेडा ठरला तर कारखान्यात कोण ठेवील त्याला? आणि वकीलसाहेब, खरं म्हणजे तो फणस आपला आपण पडला हो."

"खरं असेल. पण खऱ्याला साक्षीदार लागतात, आणि तुमच्या चाळीला ताप आलाय." वकील विचारात पडले. मग एकदम म्हणाले, "फणस कापा होता की बरका?"

"कापल्याशिवाय कसं सांगू? नव्या झाडाचा होता."

"मग सुटलात! कापा म्हणजे कडक, तो हत्यार ठरेल. बरका म्हणजे निव्वळ लगदा. लगद्याने कोणी घातपात करतं का? कोर्टातच फोडायला लावतो."

तारीख पडायला जून उजाडला. तोवर फणसाने कायद्याची वाट पाहिली नव्हती. चौकीत तो यथास्थित पिकला होता आणि त्याचा वास पार बाजारापर्यंत जात होता. कोर्टात काशीरामने पोतं उघडलं. लाख जागच्या जागी होती. आत होते चारखंडांचे, म्हणजे काटेरी सालीचे, वाळलेले तुकडे आणि देठ.

"बाकीचा?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"नैसर्गिक घट, साहेब."

"आठळ्यासुद्धा घटल्या?" शरच्चंद्र म्हणाले. "मला एवढंच सांगा, कापा होता की बरका?"

काशीराम छताकडे बघू लागला. सांगावं तर खाल्ल्याची कबुली होत होती. सरकारी वकील मदतीला धावले, "घटनेच्या वेळी तो कच्चा होता, साहेब!"

"मग कच्चा हजर करा," शरच्चंद्र म्हणाले.

मॅजिस्ट्रेट स्वतः राजापूरचे. त्यांनी हळूच विचारलं, "कुठचा होता?"

"वेंगुर्ल्याचा, साहेब," सुलक्षणा म्हणाली. मॅजिस्ट्रेटनी सुस्कारा सोडला. तो नोंदवला गेला नाही. "जात सिद्ध झाली नाही, तर पंचनाम्यात लिहिलंय तेच धरावं लागेल. हत्यार."

सहदेव मान खाली घालून उभा होता. सुलक्षणाने पदर तोंडात धरला. तेवढ्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात डोक्याला पट्टी बांधलेले कर्णिक खाकरले.

"बरका होता, साहेब. नुसता मध."

मॅजिस्ट्रेट पुढे वाकले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चौकीतून ताटलीभर आला होता. जखमीचा वाटा म्हणून. बायकोने आठळ्यांची भाजीही केली."

सहदेव तिथल्या तिथे निर्दोष सुटला. मुद्देमालाची विल्हेवाट लावल्याबद्दल चौकशी सुरू झाली. ताटली कोणी पाठवली ते कुणालाच आठवेना, त्यामुळे कबुली देणारे कर्णिक एकटेच आरोपी ठरले. शरच्चंद्रांनी त्यांचं वकीलपत्र तिथेच घेतलं. "चौथा बचाव तुम्हाला शोभेल," ते म्हणाले. "डोक्याला मार आहेच."

संध्याकाळी सुलक्षणा खाली कर्णिकांकडे गेली. त्यांच्या डोक्याची विचारपूस करायची, पाया पडायचं, असं ठरवूनच निघाली होती. कर्णिक खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ती दारात उभी राहिली आणि तोंडातून निघालं, "एखादी आठळी राहिलीय का हो रुजत घालायला?"

तिला हसू नका. इतका वेळ कापा की बरका हे कळायची वाट तुम्हीही पाहिलीत. कर्णिकांना टाके किती पडले, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?