समाधान आहे का?

तपासणीच्या दिवशी सकाळी हर्षा सिस्टरने सगळ्यात आधी समाधानला आरोग्य केंद्रातून बाहेर काढलं.

"जाय, सानगडीहून फिनाइल घेऊन ये."

"दोन कॅन भरून आहेत ना सिस्टर!"

"तिसरा आण. अन् घाई नोको करू."

समाधान हा केंद्राचा कंत्राटी शिपाई. चाळिशीचा, बिनलग्नाचा आणि तोंडाला कुलूप नसलेला. मागच्या वर्षी तपासणीच्या साहेबांना त्याने आपणहून सांगितलं होतं, की पंखा आजच लागला आहे आणि तोही सरपंचांच्या घरचा. दर्जा सुधारल्याबद्दल सगळ्यांना मिळायचा तो प्रोत्साहन भत्ता पंख्यासोबतच गेला. हर्षाची स्कूटी सात किकांशिवाय हलायची नाही, आणि समोरच्या टपरीवरची मंडळी त्या किका मोठ्याने मोजायची. यंदा भत्त्यातून नवी बॅटरी बसवायचीच, असं तिने ठरवलं होतं.

सगळं चोख होतं. फरशी लख्ख, औषधं ओळीत. पुण्याहून आलेल्या मॅडम खुशीत बाहेरच्या बाकापाशी आल्या. शेवटचे वीस गुण रुग्णांच्या समाधानाचे, म्हणजे त्यांच्याच हातात होते.

"आजी, इथं समाधान आहे का?"

"नाही जी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

हर्षाच्या हातातलं रजिस्टर खाली पडलं.

"अजिबात नाही?"

"पहिले होता. आज सकाळीच सिस्टरनं घालवून देलन."

"का बरं?"

"लय बोलते म्हणून."

"मॅडम, अहो तो..." हर्षा पुढे सरसावली.

"सिस्टर, रुग्णांना बोलू द्या. नियम आहे." मॅडम तुलारामांकडे वळल्या. "काका, तुम्हाला समाधान मिळतं ना?"

"भेटते ना जी. नऊ ते एक. मंग थो जेवाले जाते."

"आणि समाधान वाढावं म्हणून काय करायला हवं?"

तुलारामांनी नीट विचार केला. "त्याचं लगन लावून द्या. घरचं जेवण भेटलं का वाढन आपोआप."

मॅडमचं पेन थांबलं. हर्षाने डोळे मिटून घेतले. बॅटरी गेली!

तेवढ्यात फाटक वाजलं आणि अख्खा बाक ओरडला, "आला समाधान!"

"दोन कॅन असून पाठवलन मले," म्हणत समाधानने कॅन खाली ठेवला आणि लागलीच मनकर्णाबाईंना हटकलं. "मावशी, पांढरी गोळी सकाळी, गुलाबी संध्याकाळी. काल विसरली होतीस ना?" तुलारामांची शुगर त्याला पाठ होती. बाकावरच्या प्रत्येकाला त्याने काही ना काही विचारलं, आणि सगळे दोन्ही हातांनी बोलू लागले. मॅडम आधी हसल्या, मग डोळे पुसत हसल्या. हर्षाला मात्र आपली लाज वाटली.

पुढच्या महिन्यात भत्ता जमा झाला, स्कूटीला बॅटरी बसली. अहवालाची प्रत मागाहून आली. वीसपैकी वीस! हर्षाने आनंदाच्या भरात खालचा शेराही मोठ्याने वाचला, "समाधान कायम ठेवावे."

समाधानच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाच साल कंत्राटावर काढले सिस्टर. झालो ना कायम! पेढे आणतो."

"अरे समाधान, आईक..."

पण तो तिच्या स्कूटीची किल्ली घेऊन पळालासुद्धा. सात किका मारत बसला असता, तर हर्षाने त्याला फाटकातच गाठलं असतं. नव्या बॅटरीची स्कूटी पहिल्याच बटणाला सुरू झाली.