स्टाव्रोसला ‘फाइन’ चालत नाही

स्टाव्रोसच्या डायनरमध्ये ‘फाइन’ म्हणायची सोय नव्हती. जेवण कसं झालंय असं त्याने विचारलं आणि तुम्ही ‘फाइन’ म्हणालात, की समोरची प्लेट उचलून तो आत चालता व्हायचा. तुमच्या तोंडात घास असला तरी! थोड्या वेळाने नवं ऑम्लेट आणून कमरेवर हात ठेवून विचारायचा, “नाऊ?”

ऐंशीच्या दशकातलं, साता समुद्रापारचं पार्सिपनी गाव. मी नवा इंजिनिअर, एकटा आणि स्वयंपाकात साफ ढ. ऑफिससमोर या ग्रीक माणसाचं डायनर होतं. साधा कांदा चिरतानाही तो पूजेला बसल्यासारखा गप्प व्हायचा. “मेराकी!” म्हणायचा. कामात जीव ओतण्याला त्यांच्याकडे हा शब्द आहे म्हणे. पण गिऱ्हाइकं पेपर वाचत खायची, टिप ठेवून पळायची. आपण काय केलंय ते एखाद्याने तरी नीट चाखून सांगावं, एवढीच त्याची भूक होती, आणि ती काही भागत नव्हती.

माझी आई कऱ्हाडहून आली तेव्हा तिला तिथे नेलं. ती शाकाहारी म्हटल्यावर स्टाव्रोसने कोरं पातेलं काढलं, पालक घालून भात केला, वर लिंबू पिळलं आणि पातेलंच टेबलावर आणलं. “आस्क युअर मदर. हाऊ इज इट?”

मी आईला डोळ्यांनी खुणावलं, छान म्हण. पण ऐकेल ती आई कसली!

“पालक मऊ झालाय छान,” ती म्हणाली. “भात मात्र जरा आधी उतरवायला हवा होता. अन् मीठ कमी आहे.”

आता हा आपल्याला प्लेटीसकट बाहेर काढणार, या भीतीने मी चाचरतच भाषांतर केलं.

स्टाव्रोस खुर्ची ओढून बसला. मिठाची बाटली तिच्यापुढे धरून म्हणाला, “मामा, यू पुट.”

आईने पातेल्यात मीठ घातलं, भात हलवला आणि त्याला वाढला. “खा,” म्हणाली, सरळ मराठीत.

त्याने एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

“माझी आई असंच सांगायची,” तो मला इंग्रजीत म्हणाला. “मी इकडे आलो आणि ती तिकडेच वारली. तेव्हापासून सगळे फाइनच म्हणतात.”

आपली आई आणखी महिन्याभरात परत जाणार, हे मला आठवलं.

आईला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. तिने त्याच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि आणखी भात वाढला.