मधे कोण बसलंय?

इंदूताई परब फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नाहीत. "मधे कोण बसलंय?" असं विचारतात. मग फोन भाच्याचा असो, गॅसवाल्याचा असो, नाहीतर कुरिअर आल्याचं सांगायला वॉचमनने केलेला इंटरकॉम असो. वॉचमन नवा होता तेव्हा बिचारा खुर्चीवरून उठून उभा राहिला. म्हणाला, "कोई नहीं मॅडम, मैं अकेला हूँ."

"मग ठीक आहे," इंदूताई म्हणाल्या. "बोल."

नातवंडांनो, तुम्हा दोघांना त्या नक्की आठवतील. आपल्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये बरोबर आपल्या खाली राहतात. तुम्ही सुट्टीत आलात की सोलकढीचा तांब्या घेऊन वर येतात. लग्न केलं नाही. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी परगावी फोन करायचा म्हणजे नंबर नोंदवून वाट बघायची. मग कुठेतरी एक बाई बोर्डावरच्या एका भोकातला दोर काढून दुसऱ्या भोकात खोचायची आणि दोन गावं जोडली जायची. लाईन नीट लागली का, हे बघायला तिला थोडं ऐकावंच लागे. इंदूताई म्हणजे ती मधे बसलेली बाई.

"कुणाकडे कोण गेलं, ते घरच्यांच्या आधी मला कळायचं, वहिनी," त्या सांगतात. "कानात आलं, पोटात गेलं, तिथंच जिरलं." शेजाराच्या चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून नावानिशी एकही गोष्ट मी ऐकलेली नाही. मी स्वतःला बऱ्यापैकी घट्ट तोंडाची समजत असे. त्यांच्यापुढे मी म्हणजे चाळणी.

सोसायटीचा ग्रुप निघाला तेव्हा सगळं जग जे अ‍ॅप वापरतं त्यावरच निघाला. इंदूताईंकडे ते नव्हतं. सेक्रेटरी सावंत वर-खाली करून थकले.

"अहो ताई, पाणी कधी जाणार हे काय गुपित आहे का?"

"पाणी कधी जाणार हे नाही हो. मी आंघोळ कधी करते, हे आहे."

पण नुसतं नाही म्हणून गप्प बसणाऱ्या त्या नव्हेत. अ‍ॅप निवडायचं ठरल्यावर त्यांनी बाजारात पापलेट निवडावं तसा एकेका अ‍ॅपचा कल्ला उघडून पाहिला. वही केली. अटी आणि शर्ती, ज्या मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. होऊनही कधी वाचल्या नाहीत, त्या डिक्शनरी घेऊन शेवटपर्यंत वाचल्या. महिनाभराने मला खाली बोलावून समोर बसवलं.

"हे बघा. मजकूर दोन्हीकडे सीलबंद. मधल्याला वाचता येत नाही. झकास. पण ह्या जगाच्या अ‍ॅपवर कुणी, कुणाला, किती वाजता, ते मधल्याला दिसतं. आणि जुन्या निरोपांची नक्कल कुठे ठेवतात, तिला कुलूप आहे का, ते आपणच बघायचं. हे दुसरं आहे ते कडक. जवळजवळ काही ठेवतच नाही."

"पण मजकूर बंद आहे ना?" मी म्हणाले. "नुसती वेळ कळून कुणाला काय मिळणार?"

त्यांनी चष्मा काढला. "रोज सकाळी नऊला एक गृहस्थ नागपूरला फोन लावायचे. सहा वर्षं. लाईन लागली की मी हेडफोन कानावरून काढायची; एक वाक्य ऐकलं नाही कधी. एक दिवस त्यांनी लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या दुपारी मला डबा गेला नाही, वहिनी. आता सांगा, मला काय ऐकायचं बाकी होतं?"

नातवंडांनो, परवा तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर मला हाच मुद्दा वीस मिनिटं समजावलात. मी मान डोलवली, पण मला तो आधीच कळलेला होता, एका नागपूरच्या फोनवरून.

तर इंदूताईंनी कडक अ‍ॅप घेतलं. अडचण एकच. त्यांच्या ओळखीत ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. म्हणून मला घ्यायला लावलं. तेव्हापासून जगातल्या उत्तमातल्या उत्तम कुलपाआडून मला खालच्या मजल्यावरून निरोप येतात: "आमटी जास्त झाली आहे. पाठवू का?" आणि दुसऱ्या दिवशी तो निरोप आपोआप पुसला जातो.

दुसरी व्यक्ती त्यांना हवी होती ती फिलोमिना. एक्स्चेंजमध्ये शेजारच्या बोर्डावरची. मढला राहते. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. इंदूताई वर्सोव्याहून होडीने दोनदा खाडीपलीकडे गेल्या आणि आपल्या हाताने तिच्या फोनवर कडक अ‍ॅप बसवून आल्या. पण ते अ‍ॅप अधूनमधून चार आकड्यांचा पिन विचारी. झटक्यानंतर फिलोमिनाचे आकडे उलटसुलट व्हायचे. जन्मभर नंबर जोडलेली बाई, तिला पिन आठवेना. ती फोन पालथा टाकून रडायची.

शेवटी तिच्या मुलीनेच फोन केला. मी तिथेच होते. "आंटी, ममाला साधावालाच जमतो गं. तू ये ना त्याच्यावर. ती रोज तुझा नंबर काढून बघत बसते."

इंदूताईंनी फोन ठेवला आणि वही उघडली. एक पान उभं दुमडलं, डावीकडे जगाचं अ‍ॅप का नको ते लिहीत गेल्या. उजवीकडे एकच शब्द लिहिला: फिलू. वही माझ्याकडे सरकवली. "तुम्ही शिस्तीच्या. तुम्ही सांगा."

डावी बाजू पानभर होती, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी पुन्हा वरपासून वाचू लागले. त्यांनीच वही मिटली. "गे बाय माझे," म्हणाल्या, आणि जगाचं अ‍ॅप उतरवून घेतलं. तासाभरात सावंतांनी त्यांना ग्रुपमध्ये घातलं. मिनिटभरात त्या बाहेर पडल्या.

त्या दोघी काय लिहितात याची मला उत्सुकता होती, पण विचारायची हिंमत नव्हती. गेल्या आठवड्यात सकाळी सातला मी विरजण मागायला खाली गेले. फोन टेबलावर उघडा होता आणि इंदूताई त्याच्यासमोर हात बांधून उभ्या होत्या. पडदाभर नुसते आकडे. फिलोमिनाकडून '१'. इंदूताईंकडून '२'. पुन्हा १, पुन्हा २. दुसरा शब्द नाही.

"ड्यूटी सुरू करताना आम्ही लाईन तपासायचो," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ती म्हणायची वन, मी म्हणायची टू. सातला."

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाली होती. आजचा '१' आलेला नव्हता.

मी विरजणाची वाटी धरून तशीच उभी राहिले. सात मिनिटं झाली, नऊ मिनिटं झाली. ओट्यावर चहा उकळून उतू गेला. त्या हलल्या नाहीत. मग फोनकडे थोडं वाकून, एक्स्चेंजमधल्या शेजारणीशी बोलावं इतक्या हळू आवाजात त्या म्हणाल्या,

"मधे बसलायस ना रे? लाईन सोडू नको हां. धरून ठेव."

सात वाजून अकरा मिनिटांनी '१' आला. इंदूताईंनी चष्मा पुसला, '२' दाबला, आणि चहाचं नवीन आधण ठेवलं.