सगुणा साळूने न प्यायलेली दारू सोडली

नीट बसा, मुलांनो, चुळबूळ नको. एका जंगलात, जिथे पाणवठ्यावर जायलाही ओळखपत्र लागायचं, सगुणा नावाची एक साळू राहत होती. ती सुईण होती. अंगभर काटे असलेल्या बाईला बाळंतपणाला कोण बोलावणार, असं तुम्हाला वाटेल. पण सगुणा काटे असे चापून बसवायची, की पाडसाला साधा ओरखडा उठत नसे. अर्ध्या जंगलाची नाळ तिनेच तोडली होती.

त्या वर्षी जंगलात आरोग्य शिबिर भरलं. सगळ्यांचं रक्त घेतलं आणि प्रत्येकाच्या लिव्हरचे दोन आकडे काढले. दोनच, कारण रांग मोठी होती.

सगुणा तेव्हा नवं बीळ खणत होती. जमीन मुरमाड. पंधरा दिवस खणून दंड, मांड्या, पाठ, सगळं ठणकत होतं. धुळीने माखलेली ती तशीच रांगेत उभी राहिली.

आठवड्याने रिपोर्ट आले. जंगलात डॉक्टर एकच, डॉक्टर बगळे. पांढरा कोट त्यांना शिवावा लागला नव्हता. एका पायावर उभे राहून ते कागद वाचत आणि मान वर करत नसत.

"सगुणाबाई, आकडे वाढलेत," ते म्हणाले. "एसजीओटी तर एसजीपीटीच्या दुप्पट. रोज किती घेता?"

"काय घेते?"

"मोहाची."

"मला तर तिचा वासही सहन होत नाही, डॉक्टरसाहेब. तीन आठवडे बीळ खणतेय, अंग ठेचल्यासारखं झालंय. त्यानं काही होत असेल का?"

डॉक्टरांनी पुस्तक उघडलं. "पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट, म्हणजे दारू. इथे छापलंय. खणण्याबद्दल काही नाही."

खणण्याबद्दल पुढच्या पानावर होतं. जास्त अंगमेहनतीने स्नायू दुखावले तरी हेच आकडे वाढतात, विसावा देऊन पुन्हा तपासावं, असं. पण पान उलटण्याआधीच पुढचा पेशंट आत आला.

ते खंडेराव अस्वल होते. मोहाच्या झाडाखाली त्यांचं घर, आणि सकाळची चूळही ते दारूनेच भरत. डोळे हळदीसारखे पिवळे, हातपाय काटकुळे, पोट नगाऱ्याएवढं. लिव्हर इतकं झिजलं होतं की आकडे वाढवायला त्यात फारसं काही उरलंच नव्हतं.

"अगदी नॉर्मल," डॉक्टर कागदाला म्हणाले. "असंच चालू ठेवा."

सगुणा अजून दारातच होती. जन्मभर पोटं चाचपलेली बाई, तिला राहवलं नाही. "खंडेरावभाऊ, जरा आडवे व्हा बघू." तिने पोटाच्या एका अंगाला पंजा ठेवला आणि दुसऱ्या अंगाला टिचकी मारली. आत लाट हलली.

"डॉक्टरसाहेब, यांच्या पोटात पाणी झालंय."

"रिपोर्टमध्ये पाणी नाही," डॉक्टर म्हणाले.

खंडेराव उठून बसले. त्यांनी तिच्याकडे फार दयेने पाहिलं. "ताई, तुम्ही आधी स्वतःची सोडा."

दुपारपर्यंत जंगलभर झालं. साळू पिते. कुणी म्हणालं, तरीच तिचे डोळे बारीक. दुसऱ्या दिवसापासून सगुणाला बोलावणं आलं नाही. बीळ पुरं झालं आणि ती त्यात बसून राहिली. ससे, भेकरं, रानमांजरी आपापल्या वेळेला आपापल्या परीने बाळंत होत होत्या. काहींची पिल्लं राहिली, काहींची गेली. तिला ते ऐकू येई, आणि तिचे पंजे आपोआप हलत.

दोन महिन्यांनी खंडेरावांना रक्ताची उलटी झाली आणि ते गेले. डॉक्टर बगळ्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. त्यात चूक नव्हती. दाखल्यावर त्यांनी लिहिलं, 'प्रकृती उत्तम, निधन अनपेक्षित.'

मग त्यांनी सगुणाला फेरतपासणीला बोलावलं. दोन महिने तिने काडीही उचलली नव्हती. आकडे खाली आले होते. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"शाब्बास. सोडलीत."

"मी घेतच नव्हते."

"मग आकडे उतरले कसे?" डॉक्टर मायेने म्हणाले. "परवा सभेत तुमचा सत्कार करू. 'मी सोडली' एवढंच म्हणा. लोक पुन्हा बोलावतील."

"जे केलं नाही ते कसं म्हणू?" सगुणा म्हणाली आणि घरी निघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चितळांची म्हातारी धापा टाकत बिळाशी आली. तिची सून मंजुळा अडली होती. पाडस आडवं, एकच पाय बाहेर. सगुणा उठलीच, पण म्हातारी वाटेत उभी राहिली.

"बाई, माझी एकुलती एक सून आहे. एकदा सांगा. सोडलीत ना?"

करवंदीच्या जाळीमागून मंजुळाचं कण्हणं येत होतं. मध्येच ते थांबलं.

"सोडली," सगुणा म्हणाली.

"शपथ?"

"शपथ. आता बाजूला हो."

तासाभराने पाडस उभं राहिलं. मंजुळाही वाचली.

सभेत सगुणाने शाल घेतली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. टाळ्या थांबल्यावर आणखी चौघे पुढे आले आणि त्यांनीही दारू सोडली. चौघांपैकी एकालाही तिची चव ठाऊक नव्हती. पण आकडे वाढलेले होते, आणि कामं गेली होती.

तात्पर्य : जन्मभर निर्व्यसनी राहणं धोक्याचं आहे. वेळ आली, तर सोडणार काय?