रुमालाखालची बोटं

"टेम्पो कितीही जुना असू दे, भोवती एक चक्कर मारली की खरी किंमत सांगतो. शंभर रुपये इकडंतिकडं झाले तर मिशी उतरवीन!"

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मानसिंग हे छाती ठोकून सांगायचा. आणि खरंच, टायरला लाथ, बॉनेटला कान, की आकडा तयार! शहाण्णव साली त्याला विचारल्याशिवाय मार्केटातला जुना टेम्पो विकला जात नसे.

म्हणूनच त्याचा मेव्हणा बाजीराव त्याला उरणला घेऊन गेला. "दाजी, मासळीवाला हिरामण पस्तीस हजार म्हणतोय. माझ्याकडं तीसच हायती. भाव पाडा!"

"तीस? पंचवीसला आणतो. तू नुसता बघ!"

टेम्पो निळा होता. मानसिंगने लाथ घातली, कान लावला, मग केबिनमध्ये डोकं घातलं आणि तिथंच थिजला. मासळीच्या वासाखालून त्याला कांद्याचा वास आला! आरशाच्या कोपऱ्यात मरून रंगाची टिकली चिकटलेली होती.

पाच वर्षांपूर्वी हा टेम्पो हिरवा होता आणि मानसिंगचा होता. नवी नवरी प्रेमला साताऱ्याहून ह्याच केबिनमध्ये बसून आली होती, मांडीवर ट्रंक आणि मागे कांद्याची पोती. खंबाटकीच्या घाटात घाम पुसताना तिने टिकली काढून आरशाला लावली, ती तिथंच राहिली. पुढे कोपरखैरण्याच्या खोलीसाठी टेम्पो दलालाला विकला. तेव्हापासून मानसिंग रस्त्यावरच्या प्रत्येक हिरव्या टेम्पोकडे मान वळवून बघायचा. रंग बदलला असेल, हे मेल्याला कधी सुचलंच नाही!

"दाजी, बोला की!"

"भंगार हाय!" मानसिंग ओरडला, आवाज जरा चिरकलाच. "पत्रा सडलाय!"

"हाणा, दाजी!"

"भंगार हाय तं आलास कशाला?" हिरामण उखडला.

मानसिंगने खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला. ही बाजाराची जुनी रीत. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. आणि समोरच्याने पंजा आवळला की सौदा पक्का, ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही.

मानसिंगचं तोंड "गळका! खटारा!" म्हणत होतं. बोटांनी मात्र आधी हिरामणची चार बोटं दाबली, मग दोन. बेचाळीस हजार!

हिरामणचे डोळे ताज्या पापलेटासारखे झाले. "शेट, पुना एकदा धरा."

मानसिंगने पुन्हा दाबली. आणखी जोरात.

"झाला सौदा!" हिरामणने पंजा आवळला.

"किती, दाजी? पंचवीस?" बाजीराव आनंदाने नाचायचाच बाकी होता.

"बेचालीस!" हिरामण म्हणाला.

बाजीराव मटकन टायरवर बसला. "त्यानं मागितलं पस्तीस, आन् तुमी दिलं बेचाळीस? वरचं बारा कोण देणार, तुमची बोटं?"

बोटांनीच दिले! पिठाच्या गिरणीसाठी प्रेमलाने जमवलेले होते ते. आणि टेम्पो? तो बाजीरावचा झाला.

संध्याकाळी बाजीरावने टेम्पो दाराशी आणला आणि सगळी कर्मकहाणी बहिणीला ऐकवली. प्रेमला केबिनमध्ये चढली. कितीतरी वेळ टिकलीवर बोट ठेवून बसली.

मानसिंग घसा खाकरत खिडकीशी आला. "भाव... तसा रास्तच होता गं."

"व्हय?" डोळे पुसत प्रेमला म्हणाली. "ह्योच टेम्पो इकून अठ्ठावीस घेऊन आलावता. तवा कुठं गेली होती ही बोटं?"

मानसिंगने मिशीवरून हात फिरवला. बोललेलं पाळायचं तर सकाळपर्यंतचीच सोबत होती बिचाऱ्या मिशीची!