लेंड्यांचा सौदा

माणिककाकांनी मला फसवलं. मुखेडच्या बाजारात दात बघून बोकडाचं वय सांगणाऱ्या मला, एका रिटायर एसटी कंडक्टरनं. तेही लेंड्यांच्या सौद्यात!

काका सकाळीच माझ्या गोठ्यात येत. मला रामराम नाही; पहिला सवाल शेळ्यांना, "पोट साफ झालं का, बायांनो?" मग पांढऱ्या धोतरात उकिडवे बसून सुपात लेंड्या पाखडत आणि बाभळीचं बी वेचत. शेळीच्या पोटातून गेलेलं बी लवकर रुजतं म्हणे. ऊन दरसाल वाढून राहिलंय म्हणून गावानं बोडक्या गायरानावर देशी झाडं लावायचं ठरवलं होतं, आणि बियांचं खातं काकांकडं होतं.

सौदा मीच ठरवला. शेंगा काकांनी आणायच्या, खायच्या माझ्या शेळ्यांनी, लेंड्या त्यांनी न्यायच्या. फुकटचा चारा! महिनाभर मी मनात हसत होतो.

गायरानाच्या माळावर खणलेल्या चरात बी टाकताना काका प्रत्येक बीला सांगत, "बसा, जागा हाय." लोक हसत. बी मात्र ऐकत होतं. माळ हिरवा झाला आणि ग्रामसभेनं तिथं चराईबंदी केली. ठराव मांडला कोणी? काकांनी! माझ्याच शेळ्यांच्या पोटातून निघालेलं रान, आणि माझ्याच शेळ्यांना बंदी.

तीन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. यंदा चारा संपला तेव्हा शेळ्या घेऊन थेट त्यांच्या दारात गेलो. "काका, बेइमानी केली तुम्ही!"

"हाव, केली," म्हणत त्यांनी मला घरामागं नेलं. तिथं पाच बाभळी, डोक्याच्या वर गेलेल्या. "पहिल्याच साली लावल्या. तुमच्या शेळ्यांसाठी. माळावरच्या झाडांचं माहेर म्हंजे ह्या शेळ्याच. माहेरची माणसं उपाशी जातील व्हय?"

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही बोलतच नव्हता." त्यांनी एक फांदी वाकवून शेळ्यांपुढं धरली. "आयुष्यभर गाडी भरून माणसं नेली, शेठ. माझ्या थांब्यावर कुणी उतरत न्हाई." मग उपरण्यानं दगड पुसला. "बसा, जागा हाय."

आता शेळ्या रोज दुपारी तिकडंच ओढतात. मी दगडावर बसून गुळाचा चहा पितो आणि कामाची वेळ घालवतो. तीन वर्षं जपलेला माझा राग एका कपात बुडाला, त्याचा जाब कोण देणार? काका, तुम्हालाच द्यावा लागेल. उद्या दुपारी येतो. आधण ठेवून तयार राहा.